प्रवाहाचा बदललेला आकार आणि आपले जुने ठोकताळे

वीज क्षेत्रातले तंत्रज्ञान झपाट्याने बदलते आहे असे सगळीकडे ऐकू येते, पण आपले वरिष्ठ म्हणतात की ओहमचा नियम तोच आहे, बदलले आहेत ते फक्त पॅनेलमधले डबे. यात खरे किती, आणि देखभाल विभागात पाच वर्षे काढलेल्या अभियंत्याने नव्याने नेमके काय शिकावे, असा आपला प्रश्न आहे.

आपल्या वरिष्ठांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. ओहम, किरशॉफ आणि फॅराडे यांच्या नियमांना काहीही झालेले नाही. मात्र कामावर आपण रोज जे वापरतो ते बहुतेक वेळा नियम नसतात, तर त्या नियमांवरून कधीकाळी कोणीतरी बांधलेले ठोकताळे असतात. न्यूट्रल (प्रवाहाच्या परतीची तार) फेजच्या निम्म्या आकाराचा चालतो, पॉवर फॅक्टर पडला की कपॅसिटर वाढवावा, शॉर्ट सर्किट झाले की ब्रेकर क्षणात पडतो, या सगळ्या ठोकताळ्यांच्या पोटात तीन गृहीतके दडलेली आहेत: प्रवाह साइन आकाराचा आहे, वीज फिरत्या जड यंत्रातून येते, आणि दोष झाला की प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ही तिन्ही गृहीतके एकेक करून ढासळत गेली. माझ्या मते या क्षेत्रातला खरा बदल हाच आहे. बाकीचे बरेचसे त्याचे परिणाम आहेत.

१८९१ मध्ये लाउफेनहून फ्रँकफर्टपर्यंत सुमारे १७५ किलोमीटर अंतरावर तीन फेजची वीज पोहोचवून दाखवली गेली, आणि त्यानंतरची साठ-सत्तर वर्षे या क्षेत्राची चौकट फारशी हलली नाही. एका टोकाला जनित्र, मध्ये ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या टोकाला मोटर, हीटर आणि तंतूचा दिवा. हे सारे भार लाट जशी मिळेल तशी घेत. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये थायरिस्टर तयार झाला, १९८० च्या दशकात आयजीबीटी आला, आणि स्रोत व भार यांच्या मध्ये सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारा एक अर्धवाहक स्विच येऊन बसला. तो आला याचे कारण भक्कम आहे. पंखा किंवा सेंट्रिफ्युगल पंप यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग ८० टक्क्यांवर आणला तर शक्ती साधारण ५१ टक्केच लागते. व्हॉल्व्ह दाबून पाणी अडवण्याच्या जुन्या पद्धतीला ड्राइव्हने, म्हणजे अशा स्विचांनी मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रणेने, दिलेले हे उत्तर इतके बिनतोड होते की त्याची किंमत कुठे मोजावी लागेल, हे विचारायला कोणी थांबले नाही.

ती किंमत मला पहिल्यांदा दिसली ती एका कार्यालयीन इमारतीत. एका मजल्यावरच्या वितरण पॅनेलमधून अधूनमधून जळका वास येतो अशी तक्रार होती. तिथल्या कर्मचाऱ्याने प्रामाणिकपणे नोंदी ठेवल्या होत्या: तिन्ही फेजवर ६४, ६१ आणि ६६ अँपियर. भार समतोल, केबल ५० चौरस मिलिमीटर तांब्याची, ब्रेकर १०० अँपियरचा. कागदावर खोट काढायला जागा नव्हती. पॅनेलचे दार उघडले तेव्हा फेजचे तिन्ही लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) नव्यासारखे होते, न्यूट्रल लिंकवरचा लग मात्र तपकिरी पडला होता आणि त्यावरची स्लीव्ह कडक होऊन सुरकुतली होती. केबल साडेतीन कोअरची होती, म्हणजे न्यूट्रल २५ चौरस मिलिमीटरचा. मी ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर लावला, म्हणजे लाटेचा आकार कसाही असो, तारेला प्रत्यक्ष तापवणारा प्रवाह मोजणारा. फेजवर ९२, ८८ आणि ९५ अँपियर निघाले, आणि न्यूट्रलवर १३८.

या आकड्यांत दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या निरनिराळ्या समजून घ्याव्यात. पहिली गोष्ट मापनाची. जुना क्लॅम्प मीटर प्रवाहाची सरासरी मोजून तिला १.११ ने गुणतो आणि तो आकडा आरएमएस म्हणून दाखवतो. हा गुणक शुद्ध साइन लाटेसाठीच खरा आहे. संगणकाचा वीजपुरवठा व्होल्टेजच्या माथ्याजवळ थोडा वेळच प्रवाह ओढतो, उरलेला काळ जवळजवळ काहीच घेत नाही; अशा टोकदार स्पंदांची सरासरी कमी आणि तापवण्याची क्षमता जास्त असते, त्यामुळे तो मीटर तीस टक्के किंवा त्याहूनही अधिक कमी दाखवू शकतो. तिथला कर्मचारी चुकला नव्हता, त्याच्या हातातल्या मीटरचे गृहीतक कालबाह्य झाले होते.

दुसरी गोष्ट न्यूट्रलची. समतोल भारात न्यूट्रल रिकामा असतो हे आपण पहिल्या वर्षी शिकतो, कारण तीन फेजमधले १२० अंशांचे अंतर बेरीज शून्य करते. परंतु तिसऱ्या हार्मोनिकसाठी, म्हणजे मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेने चालणाऱ्या लाटेसाठी, ते अंतर तिप्पट, म्हणजे ३६० अंश होते. तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक मग एकाच तालात चालतात आणि न्यूट्रलमध्ये ते एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. फेजमधले स्पंद एकमेकांवर चढत नसतील तर न्यूट्रलचा प्रवाह फेजच्या १.७३ पटींपर्यंत जाऊ शकतो. आमच्या त्या २५ चौरस मिलिमीटरच्या गाभ्यातून त्याच्या क्षमतेच्या जवळजवळ दीडपट प्रवाह जात होता, म्हणजे उष्णता दुपटीच्या घरात, आणि न्यूट्रलला ब्रेकरचे संरक्षण नसल्यामुळे कोणीही हटकत नव्हते. गंमत अशी की न्यूट्रलमधला तो प्रवाह १५० हर्ट्झची बऱ्यापैकी साइन लाट असतो, त्यामुळे जुन्या मीटरनेसुद्धा तो ठीकठाक दाखवला असता. पण न्यूट्रलला क्लॅम्प लावण्याची पद्धतच तिथे नव्हती. अजूनही बहुतेक नोंदवह्यांत न्यूट्रलचा रकाना नसतो.

तो लग आणखी काही महिन्यांनी सुटला असता तर काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको. ४०० व्होल्टच्या दोन फेजमध्ये एकसरीत अडकलेले २३० व्होल्टचे भार व्होल्टेज आपापसांत वाटून घेतात, आणि ज्या फेजवर भार हलका तिथली उपकरणे जळतात. आयईसी ६०३६४ या विद्युत मांडणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात याचा सरळ उपाय दिलेला आहे: तिसऱ्या हार्मोनिकचे प्रमाण ३३ टक्क्यांच्या वर असेल तर केबलचा आकार न्यूट्रलच्या प्रवाहावरून ठरवायचा. आम्ही पूर्ण न्यूट्रलची केबल टाकली आणि तीही एक आकार मोठी. साडेतीन कोअरची केबल मोटरच्या भारासाठी आजही ठीक आहे. संगणक, एलईडी दिवे आणि चार्जर यांच्या मजल्याला ती नको.

कपॅसिटरचा ठोकताळा याहून जास्त महाग पडतो. आपण शिकतो की प्रवाह व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो म्हणून पॉवर फॅक्टर पडतो आणि कपॅसिटर ते अंतर भरून काढतो. मोटरच्या बाबतीत हे खरे आहे. परंतु साध्या रेक्टिफायरचा पॉवर फॅक्टर पडतो तो प्रवाहाच्या विकृत आकारामुळे. तिथे प्रवाह मागे पडलेलाच नसतो, मग कपॅसिटर भरून काय काढणार? उलट तो ट्रान्सफॉर्मरच्या इंडक्टन्सशी जोडी जमवून अनुनाद (रेझोनन्स) निर्माण करतो, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेचा प्रवाह फुगवतो. हिशेब दोन ओळींचा आहे. १००० केव्हीएचा, ५ टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याच्या दुय्यम बाजूची शॉर्ट सर्किट क्षमता २०,००० केव्हीए. तिला कपॅसिटरच्या केव्हीएआरने (त्याच्या क्षमतेच्या आकड्याने) भागून वर्गमूळ काढले की अनुनाद कितव्या हार्मोनिकवर येतो ते कळते. ४०० केव्हीएआर जोडले तर वर्गमूळ ५० चे, म्हणजे ७.०७. आता सहा पल्सच्या ड्राइव्हमधून कोणते हार्मोनिक निघतात? पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा. नेमका सातवा पकडला गेला.

स्वयंचलित पॅनेलमध्ये कपॅसिटरच्या पायऱ्या आत येत-बाहेर जात असतात, तसा हा बिंदू सरकत राहतो. म्हणून तक्रार अशी येते की दिवसभर सगळे नीट असते आणि एका ठरावीक वेळीच फ्यूज उडतात, कपॅसिटर फुगतात. त्यावर कपॅसिटर निकृष्ट होते असा शेरा मारून नवे बसवले जातात आणि तीन महिन्यांनी तेही फुगतात. उपाय म्हणून प्रत्येक पायरीला एकसरीत ७ टक्क्यांचा रिअॅक्टर (इंडक्टन्सची गुंडाळी) लावतात, त्याने त्या शाखेचा अनुनाद सुमारे १८९ हर्ट्झवर येतो, पाचव्या हार्मोनिकच्या २५० हर्ट्झच्या बराच खाली. मात्र रिअॅक्टर लावला की कपॅसिटरवरचे व्होल्टेज साधारण साडेसात टक्क्यांनी वाढते, ४०० चे ४३० होते, हे विसरून जुनेच ४१५ व्होल्टचे कपॅसिटर ठेवणारे मी पाहिले आहेत.

ड्राइव्हच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे मोटरकडे, वेगळी कहाणी आहे. केबल लांब असेल तर परावर्तित स्पंदांमुळे मोटरच्या टर्मिनलवर डीसी बसच्या दुपटीपर्यंत व्होल्टेजचे सुळके येतात, आणि शाफ्टमधून बेअरिंगमार्गे जाणारा प्रवाह बेअरिंगच्या रिंगवर समान अंतराच्या करड्या आडव्या रेषा कोरतो. तसे बेअरिंग हाती आले तर ग्रीसला दोष देऊ नका. शाफ्टला अर्थिंग ब्रश आणि भार न जोडलेल्या टोकाला इन्सुलेटेड बेअरिंग यांचा विचार करा. आणि मोटर मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या मीटरने) तपासण्यापूर्वी ड्राइव्हची केबल सोडवा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आरसीसीबीचा, म्हणजे प्रवाहाची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या उपकरणाचा, विषय जिवाशी निगडित असल्यामुळे तो सविस्तर लिहितो. आरसीसीबीच्या पोटात एक लोखंडी गाभा असतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहातला फरक त्यात चुंबकीय प्रवाह निर्माण करतो. एसी प्रकारचे उपकरण फक्त साइन आकाराच्या गळतीसाठी तपासलेले असते. गळतीत सपाट डीसी मिसळली की गाभा संपृक्त होतो, आणि मग खरी एसी गळती झाली तरी उपकरण गप्प बसू शकते. ए प्रकार स्पंदित डीसी ओळखतो आणि ६ मिलिअँपियरपर्यंतची सपाट डीसी सहन करतो. बी प्रकार सपाट डीसीसुद्धा ओळखतो. विद्युत वाहनाच्या चार्जरसाठी एकतर बी प्रकार लागतो, नाहीतर ए प्रकार आणि त्याच्या जोडीला ६ मिलिअँपियर डीसी ओळखून पुरवठा तोडणारी व्यवस्था. यात एक खाच आहे. चार्जरजवळ बी प्रकार बसवला पण वरच्या पॅनेलमध्ये जुना एसी किंवा ए प्रकार तसाच एकसरीत राहिला, तर बी प्रकार पडण्याच्या पातळीखालची डीसी त्या वरच्या उपकरणातून जाते आणि त्याला आंधळे करते. म्हणून चार्जरचे सर्किट वरच्या आरसीसीबीच्या आधी स्वतंत्र घ्यावे. टेस्टचे बटण यात फारसे कामी येत नाही, कारण ते उपकरणाच्या आतल्या रोधातून एसी गळती निर्माण करते. भार बंद असताना बटण दाबले, उपकरण पडले, म्हणजे सगळे ठीक आहे, हा निष्कर्ष चार्जर चालू असतानाच्या स्थितीला लागू होत नाही.

आता तिसरे गृहीतक: दोष झाला की प्रवाह उसळतो. फिरते जनित्र शॉर्ट सर्किटच्या पहिल्या क्षणांत आपल्या रेटिंगच्या पाच-सहा पट प्रवाह सहज देते. मोठा इन्व्हर्टर साधारण १.१ ते १.२ पटींवर थांबतो, कारण त्याहून जास्त दिले तर त्याचेच अर्धवाहक जळतील. घरगुती किंवा छोट्या औद्योगिक मांडणीत याचा अर्थ काय होतो पाहा. १० केव्हीएचा एक फेज इन्व्हर्टर पूर्ण भाराला सुमारे ४३ अँपियर देतो. तो क्षणभर दुप्पट देतो असे उदारपणे धरले तरी ८७. त्याच्या पुढे १६ अँपियरचा सी प्रकारचा एमसीबी (छोटा ब्रेकर) आहे, त्याला तत्काळ पडायची खात्री हवी तर दहापट, म्हणजे १६० अँपियर लागतात. पुरवठा ग्रिडवर असताना हाच एमसीबी सेकंदाच्या शंभराव्या भागात पडतो, आणि बॅटरीवर गेल्यावर तो औष्णिक पट्टी तापण्याची वाट पाहत सेकंद मोजत बसतो, जेव्हा अंतिम सर्किटसाठी ०.४ सेकंदाची मर्यादा अपेक्षित असते. मांडणी तपासताना लूप इम्पीडन्स (दोषाचा प्रवाह ज्या वाटेने फिरतो तिचा अडथळा) ग्रिडवर मोजून समाधान मानणे म्हणूनच अपुरे आहे. बॅटरीवरच्या स्थितीत संरक्षण कोण देणार, आरसीसीबी की इन्व्हर्टरचे स्वतःचे बंद होणे, हे कागदावर लिहिलेले असले पाहिजे.

हीच गोष्ट मोठ्या ग्रिडवर घडते तेव्हा बातमी होते. १६ ऑगस्ट २०१६ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियात ब्लू कट नावाच्या वणव्यामुळे ५०० केव्हीच्या वाहिनीवर दोष झाला. दोष संरक्षणाने नेहमीप्रमाणे दूर केला, पण त्या क्षणी सुमारे १२०० मेगावॉट सौर निर्मिती गायब झाली. चौकशीत आढळले की दोषाच्या वेळी लाट इतकी विस्कटली की बऱ्याच इन्व्हर्टरनी शून्यबिंदूंमधल्या अंतरावरून वारंवारता चुकीची काढली, ती ५७ हर्ट्झच्या खाली गेली असे मानले आणि तत्काळ पुरवठा तोडला. तिथे नेहमी ६० हर्ट्झ असणारी ग्रिडची खरी वारंवारता त्या वेळी ५९.८ च्या खालीही गेली नव्हती. मला ही घटना कार्यालयातल्या त्या क्लॅम्प मीटरचे मोठे भावंड वाटते: यंत्र बिघडलेले नव्हते, लाट साइन आकाराची असणार हे त्याने धरलेले होते. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळात वाहिन्या पडून लागोपाठ दोष झाले, काही पवनचक्क्यांच्या नियंत्रकांत ठरावीक काळात किती दोष सहन करायचे याची मर्यादा घातलेली होती, ती ओलांडताच त्यांनी निर्मिती कमी केली आणि संपूर्ण राज्य अंधारात गेले. ती मर्यादा ग्रिड चालवणाऱ्यांना आधी ठाऊक नव्हती.

जड फिरत्या रोटरमधली ऊर्जा धक्का बसताच कोणालाही न विचारता ग्रिडला मिळत असे. इन्व्हर्टरमध्ये असा रोटर नाही, म्हणून तिथे जे काही घडते ते आज्ञावलीत लिहिलेले असते. यामुळे आपल्या कामाचे स्वरूप बदलले. दोष ओळखून ब्रेकरला हुकूम देणारा जुना चकतीचा रिले काच काढून बोटाने फिरवून बघता येई, त्याच्या दोन-तीन सेटिंग्ज स्क्रूड्रायव्हरने बदलत. अंकीय रिलेत शेकडो सेटिंग्ज असतात आणि त्यांची फाइल कोणाच्या लॅपटॉपवर आहे, तीच शेवटची आवृत्ती आहे का, हे विचारले तर अनेक ठिकाणी शांतता पसरते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये बाहेरच्या लोकांनी संगणकांतून शिरून ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली; तेव्हापासून सबस्टेशनचा पासवर्ड हा कुलपाइतकाच संरक्षणाचा भाग झाला आहे. ‘स्मार्ट’ हे विशेषण लावून विकल्या जाणाऱ्या बाकीच्या पुष्कळ गोष्टींबद्दल मला विशेष काही म्हणायचे नाही.

डीसीबद्दल थोडेसेच सांगतो, कारण त्यावर वेगळे लिहावे लागेल. ५० हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो आणि ब्रेकरमधला आर्क विझवायला ही संधी मिळते. डीसीत ती नाही. सौर पॅनेलच्या स्ट्रिंगचा कनेक्टर भार चालू असताना ओढला तर आर्क ताणला जातो आणि विझत नाही; एसीचा स्विच डीसीवर वापरणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

आपण काय शिकावे, या प्रश्नाच्या उरलेल्या भागाला उत्तर म्हणून मी अभ्यासक्रमांची नावे देणार नाही. आधी ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर मिळवा आणि शक्य असेल तर लाट दाखवणारा पॉवर अॅनालायझर आठवडाभर उसना घ्या. नोंदवहीत न्यूट्रलचा रकाना स्वतः आखा. मुख्य पॅनेलवर कपॅसिटरची एकेक पायरी हाताने आत घेऊन प्रत्येक पायरीला व्होल्टेजमधले पाचवे आणि सातवे हार्मोनिक लिहून ठेवा. हे माप ड्राइव्ह पूर्ण चालू आणि हीटरसारखे साधे भार बंद असताना घ्या, कारण असे भार चालू असले की ते अनुनाद बराच दाबून टाकतात आणि दुपारी निर्दोष दिसलेले पॅनेल रात्रपाळीत फ्यूज उडवते.